तोंड तेच, पोट निराळं : वाचकांच्या केबलविषयक प्रश्नांना उत्तरं

संगणकाला जोडायच्या केबलींबद्दल वाचकांकडून प्रश्न मागवले होते. चोपड्यापासून शहाद्यापर्यंतची पत्रं आली. बहुतेकांचं दुखणं एकच आहे : केबल बसते, पण काम होत नाही. आपण दुकानात केबलीचं तोंड दाखवून केबल मागतो. काम मात्र तिच्या पोटातल्या तारा करतात, आणि गेल्या साठेक वर्षांत एकाच तोंडाच्या पोटात नाना प्रकार भरले गेले आहेत. काही पत्रं जागेअभावी थोडक्यात दिली आहेत.

आमच्या जिनिंगच्या तोलकाट्याच्या इंडिकेटरला मागे नऊ पिनांचं सॉकेट आहे. नव्या संगणकाला तसं पोर्टच नाही, म्हणून यूएसबीची कन्व्हर्टर केबल आणली. कधी वजन बरोबर येतं, कधी भलतीच अक्षरं उमटतात, कधी काहीच येत नाही. काट्याची कॅबिन ऑफिसपासून साठेक मीटरवर आहे. मागच्या मृगात वीज कडाडली तेव्हा जुन्या संगणकाचं पोर्ट जळालं होतं. आता काय करावं?
— व्यवस्थापक, चोपडा

नऊ पिनांचं ते सॉकेट म्हणजे आरएस-२३२. हे मानक १९६० सालचं, मोडेम आणि टेलिप्रिंटर जोडण्यासाठी केलेलं. आधी त्याला पंचवीस पिनांचं तोंड असायचं. १९८४ च्या आयबीएम पीसी-एटीने ते नऊवर आणलं. काटेवाल्यांनी ते आजवर सोडलेलं नाही, कारण वजनाचे पाच-सहा आकडे पाठवायला तीन तारा पुरतात : एक बोलणारी, एक ऐकणारी आणि एक ग्राउंड.

तुमच्या पत्रात तीन वेगवेगळे आजार आहेत, ते एकेक करून पाहू.

भलतीच अक्षरं येत असतील तर तारा ठीक आहेत, वेग जुळत नाही. इंडिकेटरच्या मेनूत किंवा त्याच्या पुस्तिकेत बॉड रेट, म्हणजे माहिती पाठवण्याचा वेग, पाहा. काट्यांवर तो बहुधा २४०० किंवा ९६०० असतो. त्यापुढे ८ बिट, पॅरिटी नाही, स्टॉप बिट १, अशी मांडणी असते. काही जुने इंडिकेटर ७ बिट आणि इव्हन पॅरिटी वापरतात. तसं असेल तर काही आकडे बरोबर आणि काही विचित्र दिसतात. दोन्हीकडे अगदी तंतोतंत सारखी मांडणी हवी.

काहीच येत नसेल तर आधी कन्व्हर्टर तपासा. त्याच्या नऊ पिनांपैकी २ आणि ३ या पिना तारेच्या तुकड्याने एकमेकींना जोडा आणि टर्मिनल प्रोग्रॅममध्ये (पोर्टातून आलेली-गेलेली अक्षरं जशीच्या तशी दाखवणाऱ्या साध्या प्रोग्रॅममध्ये) काहीही टाइप करा. टाइप केलेलं परत पडद्यावर उमटलं तर कन्व्हर्टर आणि ड्रायव्हर दोन्ही शाबूत आहेत. मग मल्टिमीटर घ्या आणि इंडिकेटर चालू ठेवून त्याच्या ५ नंबरच्या पिनेला काळी सळई लावा. लाल सळई २ वर आणि मग ३ वर टेकवा. इंडिकेटर गप्प असताना जी पिन उणे ५ ते उणे १२ व्होल्ट दाखवते ती बोलणारी. तिची तार कन्व्हर्टरच्या २ नंबरला गेली पाहिजे, कारण संगणकाच्या बाजूला २ म्हणजे ऐकणारी. काही इंडिकेटर २ वर बोलतात, काही ३ वर. त्यामुळे कुठे सरळ केबल लागते आणि कुठे आतून उलटवलेली. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. केबल विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं, तेव्हा ती मल्टिमीटरच्या बीपवर तपासूनच घ्या.

एक इशारा. ‘यूएसबी ते टीटीएल’ नावाचे लहान बोर्ड स्वस्तात मिळतात. त्यांना ० ते ५ किंवा ० ते ३.३ व्होल्ट समजतात. आरएस-२३२ चे उणे-अधिक १२ व्होल्ट त्यांच्यात घातले की ते संपलेच.

कधी चालतं आणि कधी नाही, याची कारणं संगणकात असतात. कन्व्हर्टर एका यूएसबी पोर्टातून काढून दुसऱ्यात लावला की विंडोज त्याला नवा कॉम नंबर, म्हणजे पोर्टाचा ओळख क्रमांक, देऊ शकतं, आणि काट्याचं सॉफ्टवेअर जुन्या नंबरवर वाट पाहत बसतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘पोर्ट्स’ खाली तो कन्व्हर्टर शोधा, ‘पोर्ट सेटिंग्ज’मधून ‘अॅडव्हान्स्ड’मध्ये जा आणि नंबर १ ते ४ मधला द्या. जुनी सॉफ्टवेअर त्यापुढचे नंबर बऱ्याचदा ओळखत नाहीत. मग त्या पोर्टाजवळ कायमची चिठ्ठी चिकटवा. यूएसबी हबच्या गुणधर्मांत ‘पॉवर मॅनेजमेंट’ खाली वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करण्याची परवानगी असते, तिचीही खूण काढून टाका. नाहीतर दुपारी गाड्यांची ये-जा थंडावली की पोर्ट झोपी जातं.

कन्व्हर्टरच्या पोटात कोणती चिप आहे हेही पाहा. एफटीडीआय कंपनीची एफटी२३२ महाग पण निर्धास्त. सीएच३४० स्वस्त आहे आणि काट्यासाठी चालते. प्रोलिफिकच्या पीएल२३०३ मध्ये गोची आहे : जुन्या आणि नकली चिपांना नवा ड्रायव्हर नाकारतो आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण व ‘कोड १०’ दिसतो. त्यावर जुना ड्रायव्हर टाकणं हा तात्पुरता उपाय आहे. विंडोज अद्ययावत झालं की नवा ड्रायव्हर पुन्हा येऊन बसू शकतो.

आता ते साठ मीटर. आरएस-२३२ साठी पूर्वापार धरलेली मर्यादा १५ मीटर आहे. २४०० च्या वेगाने त्यापुढेही चालतं, पण तुमचं पोर्ट लांबीने जळालं नाही. कॅबिनची जमीन आणि ऑफिसची जमीन यांच्यात, जवळपास वीज पडली की, क्षणभर शेकडो व्होल्टांचा फरक पडू शकतो. त्या फरकाला वाट मिळते ती तुमच्या ग्राउंडच्या तारेतून. यावर उपाय आरएस-४८५. १९८३ चं हे मानक कमी वेगाला १२०० मीटरपर्यंत जातं, कारण त्यात एकच निरोप पीळ दिलेल्या दोन तारांवरून उलटसुलट जातो आणि बाहेरचा गोंगाट दोन्हींवर सारखाच पडल्याने वजा होतो. त्यासाठी दोन्ही टोकांना आरएस-२३२ ते आरएस-४८५ कन्व्हर्टर लागतील. ते ‘ऑप्टो आयसोलेटेड’ असेच मागा, म्हणजे आत विजेची सलग वाट नसते, निरोप प्रकाशाने ओलांडतो. त्यांच्यावर ए आणि बी अशा खुणा असतात, ए ला ए आणि बी ला बी जोडा. चुकून उलट झालं तर काही जळत नाही, फक्त वजन येत नाही. दोन्ही टोकांना १२० ओहमचा रेझिस्टर लावा. केबलीचं जाळीदार कवच फक्त एकाच टोकाला अर्थ करा. दोन्हीकडे केलंत तर जी वाट बंद केली तीच पुन्हा उघडली. इतकं करूनही ढग दाटले की केबल आणि प्लग दोन्ही काढून ठेवलेलेच बरे.

अडत दुकानात डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आहे, तीन प्रतींची पट्टी त्यावरच निघते. त्याला रुंद तोंडाची, दोन्ही बाजूंना तारेच्या कड्या असलेली केबल आहे. यूएसबी ते पॅरलल केबल घेतली. वर्डमधून छापतो, पण हिशेबाचा जुना डॉस प्रोग्रॅम छापत नाही.
— अडत्या, अमळनेर

रुंद तोंडाची ती ३६ पिनांची जोडणी सेंट्रॉनिक्स कंपनीच्या १९७० सालच्या प्रिंटरपासून चालत आली आहे. १९८१ मध्ये आयबीएमने संगणकाच्या बाजूला तिचं पंचवीस पिनांचं रूप घेतलं. तेव्हा पंचवीस पिनांचंच सीरियल पोर्टही (वर सांगितलेलं आरएस-२३२) असायचं. फरक एवढाच, की संगणकावर पिना बाहेर आलेल्या असतील तर सीरियल आणि भोकं असतील तर प्रिंटर.

तुमच्या केबलीत बिघाड नाही. यूएसबी ते पॅरलल केबल संगणकाला खरं पॅरलल पोर्ट देत नाही. ती विंडोजला ‘यूएसबी ००१’ नावाचं प्रिंटरचं दार देते. डॉस प्रोग्रॅम मात्र एलपीटी१ या पॅरलल पोर्टाच्या जुन्या नावाने हाक मारतो आणि त्या नावाचं तिथे कोणीच नसतं. म्हणून विंडोजमध्ये तो प्रिंटर शेअर करा, शेअरचं नाव आठ अक्षरांच्या आत आणि मधे जागा न सोडता ठेवा. मग कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘नेट यूज’ या आज्ञेने एलपीटी१ हे नाव आपल्याच संगणकाच्या त्या शेअर केलेल्या प्रिंटरला जोडा, आणि शेवटी ‘पर्सिस्टंट यस’ लिहायला विसरू नका, नाहीतर संगणक बंद करून चालू केला की पुन्हा पहिल्यापासून. मदरबोर्डवर खरं एलपीटी१ असेल तर ते आधी डिव्हाइस मॅनेजरमधून बंद करा.

पीसीआय एक्सप्रेसचं पॅरलल कार्ड बसवणं हा दुसरा मार्ग. तो सरळ वाटतो, पण काही जुने प्रोग्रॅम पोर्टाच्या ठरलेल्या पत्त्यावर थेट लिहितात आणि नव्या कार्डाचा पत्ता वेगळा असतो. कार्ड घेताना परत करायची बोली करूनच घ्या. आणि संगणक बदलणार असाल तर ध्यानात असू द्या : ६४ बिटचं विंडोज १६ बिटचे डॉस प्रोग्रॅम मुळात चालवतच नाही. तिथे केबलीचा काही इलाज नाही.

पेन ड्राइव्ह पहिल्या येळे जास नही, उलटा करीसन बी जास नही, परत पहिल्यासारखा धरा ते जास. असं काबर?
— विद्यार्थी, पारोळा

पहिल्या वेळी तो सरळच होता, फक्त नेम किंचित चुकला होता! एरवी खूण अशी : यूएसबीचं त्रिशूळासारखं चिन्ह आडव्या पोर्टात वरच्या बाजूला येतं.

दोन्ही बाजूंनी बसेल असं तोंड तेव्हा का केलं नाही, तर पैशासाठी. यूएसबीचं पहिलं मानक जानेवारी १९९६ मध्ये आलं. ते घडवणाऱ्या इंटेलच्या चमूचे प्रमुख अजय भट्ट हे आपल्या शेजारच्या वडोदऱ्याचे. त्या काळी कीबोर्ड, माऊस, प्रिंटर, जॉयस्टिक यांची प्रत्येकाची तोंडं निराळी होती, आणि ती सगळी एका तोंडात बसवायची तर ते तोंड कवडीमोल असायला हवं होतं. उलटसुलट बसणाऱ्या जोडणीला दुप्पट तारा आणि जादा सर्किट लागलं असतं. म्हणून चार पट्ट्या, एकच बाजू.

त्या चार पट्ट्या नीट पाहा. कडेच्या दोन मधल्या दोनपेक्षा थोड्या लांब आहेत. त्या विजेच्या. त्यामुळे घुसवताना आधी वीज मिळते आणि मग माहितीच्या तारा जुळतात. संगणक चालू असताना यूएसबी लावता-काढता येतं त्यामागे हेच आहे. निळ्या तोंडाच्या यूएसबी ३ मध्ये आणखी पाच संपर्क आहेत, ते आत मागच्या रांगेत. पेन ड्राइव्ह हळूहळू सरकवत घातला तर पुढच्या चार पट्ट्या आधी जुळतात आणि संगणक त्याला यूएसबी २ समजून बसतो. तेव्हा एकाच दमात आत ढकला.

सेवा केंद्रात टाइप-सीच्या पाच केबली आहेत, सगळ्या दिसायला एकसारख्या. एकीने फोन चार्ज होतो पण फाइल जात नाही. दुसरीने फाइल जाते पण फारच सावकाश. नवा ब्लूटूथ स्पीकर फोनच्या सी-सी चार्जरवर चार्जच होत नाही, जुन्या चार्जरवर होतो. अंगठ्याचं मशीन तीन मीटरच्या केबलीवर मधेच बंद पडतं. केबली सगळ्याच नकली आहेत का?
— केंद्रचालक, शहादा

नकली असतीलही, पण इतक्यावरून तसं म्हणता येत नाही. टाइप-सीचं तोंड ऑगस्ट २०१४ मध्ये ठरलं. त्यात २४ संपर्क आहेत, वर १२ आणि खाली १२, म्हणून ते कसंही बसतं. पण केबलीच्या पोटात सगळ्या तारा असायलाच हव्यात असा नियम नाही. घोळ सगळा तिथून सुरू होतो.

पहिल्या केबलीत बहुधा विजेच्या दोनच तारा आहेत. मानकाला हे मंजूर नाही, पण दिवे आणि खेळण्यांसोबत अशा केबली सर्रास येतात. तिला लाल सुतळी बांधून वेगळी ठेवा.

दुसरी नियमात बसणारी आहे. फोनबरोबर येणाऱ्या बहुतेक केबली यूएसबी २ च्याच असतात, म्हणजे कागदावर ४८० मेगाबिट आणि हातात सेकंदाला ३० ते ४० मेगाबाइट. तपासायचं असेल तर बाहेरची एसएसडी जोडून ४ गिगाबाइटची एकच फाइल पाठवा. दोन मिनिटांच्या आसपास लागली तर केबल यूएसबी २ ची. पंधरा-वीस सेकंदांत गेली तर आतमध्ये वेगाच्या तारा आहेत. ही चाचणी साध्या पेन ड्राइव्हवर करू नका, तो स्वतःच मंद असतो. लॅपटॉपवरून पडद्याला चित्र न्यायचं असेल तरीही या वेगाच्या ताराच लागतात. चार्जिंगच्या केबलीने चित्र दिसणार नाही.

स्पीकरचा प्रश्न मजेशीर आहे, आणि दोष ना केबलीचा ना चार्जरचा. जुन्या चपट्या तोंडाच्या चार्जरमध्ये ५ व्होल्ट कायम हजर असतात. सी तोंडाचा चार्जर मात्र कुणी मागितल्याशिवाय वीज सोडत नाही. मागणी करायची ती सीसी नावाच्या तारेवर : उपकरणाच्या आत दोन्ही सीसी संपर्कांवर प्रत्येकी ५.१ किलोओहमचा रेझिस्टर ग्राउंडला जोडलेला असावा लागतो. स्पीकर बनवणाऱ्याने ते दोन रेझिस्टर वाचवले. त्यांची किंमत पैशांत, पण त्यांच्यावाचून चार्जर स्पीकरला ओळखतच नाही. जुन्या तोंडाच्या चार्जरवर ए-ते-सी केबलीने चार्ज करत राहा, त्यात काही धोका नाही. हाताला सोल्डरिंगची सवय असेल तर रेझिस्टर घालता येतात, पण दोन वेगळे घाला. दोन्ही संपर्क एकत्र करून एकच घातला तर काही केबलींवर पुन्हा अडेल.

ए-ते-सी केबलीतही असाच एक रेझिस्टर असतो, तो ५६ किलोओहमचाच हवा. काही स्वस्त केबलींत १० किलोओहमचा घातलेला सापडतो. त्याचा अर्थ फोन असा घेतो, की समोर ३ अॅम्पिअरचा दणकट चार्जर आहे. समोर असतं लॅपटॉपचं बिचारं पोर्ट. मग पोर्ट गरम होतं, कधी जातंही.

वॅटचं गणित थोडक्यात. साध्या सी-सी केबलीतून ३ अॅम्पिअर जातात, म्हणजे २० व्होल्टवर ६० वॅट. त्यापुढे ५ अॅम्पिअरसाठी केबलीच्या तोंडात ई-मार्कर नावाची छोटी चिप लागते. ती असली की १०० वॅट, आणि २०२१ पासूनच्या नव्या नियमाप्रमाणे २४० वॅटपर्यंत. लॅपटॉपचा चार्जर १०० वॅटचा आणि केबल ६० ची असेल तर लॅपटॉप जळत नाही, सावकाश चार्ज होतो.

आता अंगठ्याचं मशीन. बाजारात मिळणाऱ्या बारीक केबलीत विजेच्या ताराही २८ गेजच्या असतात. अशा तांब्याच्या तारेचा रोध मीटरला ०.२१ ओहमच्या आसपास. तीन मीटर जायचे आणि तीन यायचे, म्हणजे सुमारे १.२८ ओहम. मशीनने अर्धा अॅम्पिअर ओढला की ०.६४ व्होल्ट वाटेतच खर्ची पडले, ५ चे ४.३६ उरले. यूएसबीची उपकरणं ४.४ च्या खाली कुरकुरायला लागतात. अंगठा लावताच आतला दिवा पेटतो, ओढ वाढते आणि मशीन बंद. तारा २४ गेजच्या असत्या तर त्याच लांबीत पाव व्होल्टच गेला असता. केबलीच्या अंगावर बारीक अक्षरं असतात ती भिंगाने वाचा : ‘२८ एडब्ल्यूजी १पी, २४ एडब्ल्यूजी २सी’ असं काही. पहिला आकडा माहितीच्या जोडीचा, दुसरा विजेच्या दोन तारांचा. गेजचा आकडा लहान तेवढी तार जाड. काहीच छापलेलं नसेल तर ती केबल मीटरभराहून लांब घेऊ नका. मशीन जवळ आणा, किंवा मधे स्वतःचा अॅडॉप्टर असलेला हब घाला.

आपल्याकडे भारतीय मानक ब्युरोने टाइप-सीचं मानक जानेवारी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलं, आणि युरोपात २८ डिसेंबर २०२४ पासून फोनसाठी हेच तोंड कायद्याने लागू झालं. तोंड एक झालं, हे चांगलंच. पण कोणत्या केबलीत काय भरलंय ते ओळखण्याचं काम ग्राहकाच्या गळ्यात आलं.

शाळेच्या प्रोजेक्टरवर चित्र पिवळं दिसतं. नवा लॅपटॉप एचडीएमआयचा, प्रोजेक्टर जुना, व्हीजीएचा. शिवाय केबल जोडताना हाताला झिणझिण्या येतात.
— शिक्षिका, भुसावळ

झिणझिण्यांपासून सुरू करते, कारण मुलं आजूबाजूला असतात असं मी धरते.

दोन पिनांच्या अॅडॉप्टरवर चालणाऱ्या उपकरणाच्या धातूवर, अर्थ नसेल तर, डिजिटल मीटर १०० व्होल्टच्या आसपास दाखवतं. अॅडॉप्टरमधल्या कॅपॅसिटरमधून झिरपणारा तो अगदी थोडा प्रवाह असतो. माणसाला तो फक्त झोंबतो, पण पोर्टाची चिप मारायला पुरेसा ठरू शकतो. प्रोजेक्टरला तीन पिनांचा प्लग असतो, तरीही झिणझिण्या येत असतील तर शाळेच्या बोर्डाला अर्थ पोचत नाही. वायरमनकडून मोजून घ्या : फेज ते अर्थ जवळपास फेज ते न्यूट्रलइतकंच हवं, आणि न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. आपल्याकडची काळी जमीन एप्रिल-मेमध्ये भेगाळते, अर्थिंगच्या पट्टीभोवतीची माती सुटते आणि कागदावर असलेला अर्थ प्रत्यक्षात उरत नाही. उन्हाळ्यात त्या खड्ड्यात आठवड्याला दोन-तीन बादल्या पाणी ओतायला शिपायाला सांगून ठेवा. तोवर केबल जोडताना दोन्ही उपकरणांचे प्लग भिंतीतून काढा, केबल जोडा, मग वीज द्या.

पिवळं चित्र. व्हीजीए १९८७ चं. लाल, हिरवा आणि निळा हे तीन रंग त्यात तीन वेगळ्या तारांवरून जातात : पिन १, २ आणि ३. निळी तार तुटली की उरलेल्या लाल आणि हिरव्याने पिवळं दिसतं. हिरवी गेली तर जांभळट गुलाबी, लाल गेली तर आकाशी. तेव्हा तोंडातली ३ नंबरची पिन वाकलीय का पाहा. शिसं काढून टाकलेल्या मेकॅनिकल पेन्सिलीची नळी पिनेवर चढवून ती अलगद सरळ करता येते. बऱ्याच केबलींत ९ नंबरची पिन मुळातच नसते, ती तुटली असं समजू नका. पिन सरळ असूनही पिवळं राहिलं तर तार आत तुटलीय, केबल बदला. वर्गाच्या मागच्या भिंतीपर्यंत १५ मीटर न्यायची असेल तर ‘३+६’ प्रकारची मागा, तिच्यात तिन्ही रंगांना आपापलं कवच असतं. साधीने अक्षरांच्या कडेला सावल्या पडतात.

एचडीएमआय हे डिसेंबर २००२ चं, १९ पिनांचं आणि पूर्ण डिजिटल. व्हीजीए अॅनालॉग. म्हणून दोन्ही तोंडांमध्ये नुसत्या तारा जोडलेली केबल चालूच शकत नाही, मधे चिपवाला कन्व्हर्टर लागतो. आणि तो एकाच दिशेचा असतो. ‘एचडीएमआय टू व्हीजीए’ आणि ‘व्हीजीए टू एचडीएमआय’ या दोन निरनिराळ्या वस्तू आहेत, दुकानदारही अदलाबदल करतात. आवाज व्हीजीएमधून जात नाही, तेव्हा कन्व्हर्टरला ३.५ मिमीचं ऑडिओचं भोक आहे ना ते बघून घ्या. एचडीएमआयच्या पोर्टाने फक्त ५५ मिलिअॅम्पिअर देण्याची हमी असते. कन्व्हर्टर थोड्या वेळाने काळा पडदा दाखवत असेल तर त्याला वीज कमी पडतेय. बाजूला मायक्रो यूएसबीचं भोक असलेला कन्व्हर्टर घेतला आणि त्याला चार्जर लावला की ही अडचण जाते.

जुन्या संगणकाचा गोल पिनेचा कीबोर्ड चालू असतानाच काढून परत लावला, तेव्हापासून कीबोर्ड आणि माऊस दोन्ही बंद.
— धुळे

ते पीएस/२, आयबीएमच्या १९८७ च्या संगणकांतलं. चालू संगणकात ते काढा-घालायला बनवलेलंच नाही. सहा बारीक पिना तिरक्या घुसल्या की क्षणभर ५ व्होल्ट ग्राउंडला टेकतात आणि मदरबोर्डवरचा तांदळाएवढा फ्यूज उडतो. दोन्ही पोर्टांना बहुधा एकच फ्यूज असतो, म्हणून दोघंही गेले. पोर्टाच्या मागे ‘एफ’ अक्षर आणि आकडा लिहिलेला भाग शोधून, संगणक बंद करून, मल्टिमीटरने बीप तपासा. बीप नसेल तर दुरुस्तीवाल्याकडून तो बदलून घ्या. खर्च करायचा नसेल तर यूएसबी कीबोर्ड लावा. जांभळं कीबोर्डचं आणि हिरवं माऊसचं : तोंड सारखं असलं तरी जुन्या मदरबोर्डवर अदलाबदल चालत नाही. माऊसबरोबर येणारा यूएसबी ते पीएस/२ चा हिरवा तुकडा तर नुसत्या तारांचा असतो. दोन्ही भाषा येणाऱ्या माऊसलाच तो चालतो, बाकीच्यांना नाही.

बाहेरची हार्ड डिस्क लावली की वायरलेस माऊस अडखळतो.
— नंदुरबार

यूएसबी ३ च्या वेगाने माहिती वाहताना होणारा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात येतो, आणि माऊस नेमका तिथेच बोलतो. माऊसचा डोंगल (संगणकात खोचायचा त्याचा छोटा तुकडा) डिस्कपासून दूरच्या काळ्या, म्हणजे यूएसबी २ च्या, पोर्टात लावा. तसं पोर्ट नसेल तर अर्ध्या मीटरच्या यूएसबी २ एक्स्टेन्शनवर डोंगल टेबलावर आणा. माऊस बदलून उपयोग नाही.

उन्हाळ्यात केबली चिकट होतात, काही कडक होऊन तडकतात. कशा ठेवाव्यात?
— रावेर

केबलीचं आवरण पीव्हीसीचं असतं. ते मऊ राहावं म्हणून त्यात तेलकट द्रव्य मिसळतात. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो, पत्र्याखाली आणि गाडीच्या डॅशबोर्डवर त्याहून किती तरी जास्त. तेवढ्यात ते द्रव्य बाहेर झिरपतं आणि मागे राहतं ते ठिसूळ प्लास्टिक. थर्माकोलवर ठेवलेली केबल त्यात खड्डा पाडून चिकटून बसते ती याच द्रव्यामुळे. तडकलेली विजेची केबल टाकून द्या, तिला टेप गुंडाळू नका. चिकटपणा आयसोप्रोपिल अल्कोहोल कापडावर घेऊन पुसला तर निघतो. पेट्रोल किंवा थिनर वापरलंत तर आवरणच विरघळेल.

साठवताना अॅडॉप्टरभोवती करकचून गुंडाळू नका. तोंडाजवळच्या पहिल्या दोन इंचांतच सगळ्यात जास्त तारा तुटतात. तळहाताएवढी सैल वेटोळी करा, एक वेटोळं वरून घेतलं तर पुढचं खालून घ्या, म्हणजे केबलीत पीळ भरत नाही. डबा कपाटाच्या खालच्या खणात ठेवा, वरचा खण पत्र्याच्या जास्त जवळ.

काही केबलींना टोकाजवळ प्लास्टिकची जाड गाठ असते. अडचण होते, कापून टाकली तर चालेल का?
— चाळीसगाव

आत फेराइटची नळी आहे. केबल अँटेनासारखी वागून उच्च वारंवारतेचा गोंगाट आत-बाहेर नेते, तो ही नळी दाबते. तारा तिच्यातून आरपार जातात, तिथे जोड नसतो. म्हणून सुरी चालवलीत तर गाठीबरोबर तारा कापल्या जातील. ती तशीच राहू द्या. गाठ उघडझाप होणारी, कुलपासारखी चिमटलेली असेल तर काढता येते, आणि शेजारचा रेडिओ खरखरायला लागला तर पुन्हा बसवता येते. फेराइट चिनी मातीसारखं ठिसूळ असतं. फरशीवर आपटून आत खुळखुळायला लागलं तर केबल चालत राहील, फक्त त्या गाठीचा उपयोग कमी होईल.